रोटरी घ्यावा की स्लाइड?

“मामू, रोटरी घेऊ की स्लाइड?” भाचा अजून दारातच उभा होता. “आधी पाणी तरी पी,” असे आपा म्हणाली, तोवर त्याने मोबाइलवरचे दोन फोटो आमच्यापुढे धरलेही होते. दोन्हींत मुठीएवढे एकेक इंजिन.

भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत रिमोटवर चालणाऱ्या, खऱ्याखुऱ्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती होतात. सांगाडा मुलांनी स्वतः बांधायचा, इंजिन विकत आणायचे. त्याचा चौघांचा संघ आहे. चार घरांतून पैसे गोळा झालेले, आणि त्यातले एक घर रिक्षावर चालते. म्हणजे इंजिन एकदाच घेता येणार. एक १८चे, रोटरी कार्बोरेटर असलेले. दुसरे २१चे, थोडे वापरलेले, स्लाइड कार्बोरेटरचे. स्लाइड म्हणजे ‘रेसिंग’, असे दुकानदाराने सांगितल्यामुळे मुलांचे मन तिकडे झुकले होते.

प्रश्न आमच्याकडे आला, कारण आमच्या हातून असे एक इंजिन फुटलेले आहे आणि खानदानात ते सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांनी अशी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही बॅटरीची गाडी नव्हे. यात टू-स्ट्रोक इंजिन असते. १२, १८, २१ हे आकडे घन इंचाच्या शंभराव्या भागातले. म्हणजे १२चे इंजिन सुमारे दोन सीसी, १८चे तीन आणि २१चे साडेतीन सीसी. इंधन पेट्रोल नसते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे ते मिश्रण असते. स्पार्क प्लगऐवजी ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने लाल करायची; इंजिनाने धरले की बॅटरी काढून घ्यायची. पुढे तारेतले प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांच्यातल्या क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेने तार आपोआप तापलेली राहते. इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या पुढे फेरे घेते. रस्त्यावरची साधी मोटरसायकल आठ-नऊ हजारांतच ओरडू लागते.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजात उस्ताद स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडून बसलेला असे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, नव्या मोटरसायकलींवर इंजेक्शन आले आणि भाच्याच्या वयाच्या मुलांना ही वस्तू पुस्तकातल्या आकृतीपुरती उरली. हवा आणि इंधन यांचे प्रमाण जमवून इंजिनाला पाजणे, हे त्याचे काम. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास पुरते, आणि नायट्रोमिथेन तर स्वतःच ऑक्सिजन घेऊन येते, त्याला पावणेदोन किलोच्या आत भागते. म्हणून हे एवढेसे इंजिन इतके पिते. २१च्या इंजिनाच्या शर्यती गाडीची १२५ मिलीची टाकी आठ-दहा मिनिटांत रिकामी होते.

मोटरसायकलशी आणखी दोन फरक आहेत आणि ते समजले की पुढचे सगळे सोपे होते. पहिला, इथे फ्लोट चेंबर नसतो. सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीकडे जाते, धुराचा दाब इंधनाला कार्बोरेटरकडे ढकलतो. टाकीच्या झाकणाचे रबर सैल झाले तरी इंजिन उपाशी राहते. दुसरा, तेल इंधनातच असते. वेगळे ऑइल नाही. इंधन कमी गेले, म्हणजे मिश्रण ‘लीन’ झाले, की तेलही कमी जाते आणि थंडावाही. पेट्रोलची गाडी लीन झाली तर झटके देते, तापते. ही लीन झाली तर आधी सुसाट पळते, बघणाऱ्यांच्या टाळ्या मिळवते आणि मग मरते.

आता मूळ प्रश्न. रोटरी कार्बोरेटरात एक छोटे आडवे नळकांडे असते, त्यात आरपार भोक. थ्रॉटलचा दांडा फिरला की नळकांडे तोटीसारखे स्वतःभोवती फिरते आणि भोक हवेच्या वाटेशी जुळत जाते. फिरताना ते किंचित बाजूलाही सरकते. त्या सरकण्याने आतली सुई मागे जाऊन इंधनाची वाट मोकळी होते. स्लाइडमध्ये नळकांडे फिरत नाही, टेबलाचा खण ओढावा तसे सरळ बाहेर येते. जितके ओढाल तितकी वाट उघडते. रिमोटवरचे बोट आणि इंजिनाचा प्रतिसाद यांचा मेळ त्यामुळे अधिक थेट बसतो. ओसाकाची ओ.एस. ही १९३६ पासूनची कंपनी पाहा. मॉडेल विमानांच्या तिच्या इंजिनांवर रोटरी दिसतो, कारण विमानाचा थ्रॉटल सावकाश हलतो. शर्यतीच्या गाड्यांच्या २१च्या इंजिनांवर मात्र स्लाइड, कारण तिथे दर वळणाला थ्रॉटल सोडायचा आणि दाबायचा असतो.

म्हणजे दुकानदार खोटे बोलत नव्हता. त्याने अर्धेच सांगितले.

स्लाइडला दांडा सरळ रेषेत ओढणारा लागतो. ओढ जराशी तिरकी झाली की नळकांडे अडते. त्याचा बाहेर येणारा भाग रबरी भात्याने झाकलेला असतो, तो भाता फाटला की मैदानाची माती थेट इंजिनात. सुया जुळवणेही नाजूक. रोटरीवर बहुधा दोनच सुया असतात, एक भरधाव वेगासाठी आणि एक कमी वेगासाठी, शिवाय गॅरेजवाले ज्याला ‘स्लो’ म्हणतात तो स्क्रू. काही स्लाइडवर मधल्या वेगाची तिसरी सुई येते. हात बसलेल्याला ती वरदान, नवख्याला भूलभुलैया. तीन सुयांपैकी कोणती चुकली हे ओळखायला कान तयार लागतो, आणि कान तयार होईपर्यंत इंजिन टिकावे लागते.

आमचे टिकले नाही. भाईजानने आखातातून सामानात घालून एक गाडी आणली होती, १२चे इंजिन, रोटरी कार्बोरेटर. एक हिवाळा मजेत गेला. मग इंजिनाने एक खोड धरली. थ्रॉटल सोडला तरी आवाज खाली येईना, कितीतरी वेळ तसाच चढलेला राही. आम्ही स्लो कमी केला, सुया फिरवल्या. आज जमले तर उद्या पुन्हा तेच. एका दुकानात सांगितले, रोटरी झिजला, स्लाइड बसवा. आम्ही बसवला. सर्व्होचा दांडा जुन्याच जागी, तिरका. पहिल्याच दिवशी स्लाइड अर्ध्यावर अडकला आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळली. थ्रॉटल आपोआप मिटवणारी स्प्रिंग लावलेली नव्हती, ही चूक सर्वस्वी आमची. दांडा वाकवून सरळ केला. तरी आवाज चढलेलाच. तिसऱ्या टाकीला कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेसला भोक पाडून बाहेर आला.

रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाने ते उघडले. कार्बोरेटरची मान क्रँककेसमध्ये बसते तिथे एक रबरी ओ-रिंग असते. नवा कार्बोरेटर बसवताना आम्ही जुनीच रिंग त्याला चढवली होती. तिला नखाएवढी चीर होती. तिथून चोरून हवा आत जात होती, सुया कितीही फिरवल्या तरी मिश्रण लीनच. कार्बोरेटरचा दोष पहिल्या दिवसापासून नव्हताच.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे प्रकार कोणताही असो, सारखेच?” तसेही नाही. मोठे इंजिन, मातीची उड्यांची वाट, मिनिटाला दहादा थ्रॉटल, आणि हाताशी जाणता माणूस, असे असेल तर स्लाइडच घ्यावा. त्यात तोंडाशी बदलता येणारी कडी येते. बारीक कडी घातली की इंजिन कमी पिते आणि खालच्या वेगात ताठ खेचते, मोठी घातली की लांब सरळ वाटेवर धावते. ही सोय फार कामाची. पण पहिले इंजिन, घरी बांधलेला सांगाडा, दांडा कुठून कसा येणार हेच अजून ठरलेले नाही, आणि चौघांपैकी कोणीही आजवर सुई फिरवलेली नाही, असे असेल तर दोन सुयांचा रोटरी. शिवाय वापरलेल्या २१च्या आत काय झिजले आहे ते फोटोत दिसत नाही. अशा इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला स्लीव्हमध्ये घट्ट अडकला पाहिजे. हाताने फिरवताना तो तिथे सहज निसटला तर त्याचे आयुष्य संपत आले आहे.

“आणि त्या इंधनाचे काय?” आपाने विचारले. सगळ्यांत शहाणा प्रश्न तिचाच होता. मिथेनॉल विष आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ते याच मिथेनॉलमुळे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. कातडीतूनही ते आत शिरते, आणि पेटले तर भर उन्हात त्याची ज्योत नीट दिसत नाही. म्हणून त्याचा डबा त्याचाच, घट्ट झाकणाचा, कुलपात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही ओतायचे नाही. भरताना हातमोजे, आणि गाडी मोकळ्या मैदानातच, गॅलरीत किंवा जिन्यात नाही.

मुलांनी १८चे इंजिन घेतले. नवी ओ-रिंग आम्ही आमच्या पैशांनी दिली. पहिल्या काही टाक्या मुद्दाम जास्त इंधनावर, संथ, धूर काढत चालवायला लावल्या. मुलांना ते जड गेले, गाडी म्हातारीसारखी खोकत चालली होती.

मागच्या रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही मैदानावर गेलो. इंजिन तापल्यावर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला. तीन-चार सेकंद चुरचुरून उडाला, म्हणजे उष्णता ठीक. क्षणात उडाला असता तर इंजिन बंद करायला सांगणार होतो. मग गाडी स्लोवर ठेवून भाच्याने कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबली. आवाज जरासा चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर खालची सुई बरोबर. लगेच बंद पडले तर लीन, खूप वेळ चालत राहिले तर इंधन जास्त. आमचे सहा सेकंद चालले.

त्याने खालची सुई घड्याळाच्या एका तासाएवढी कसली, आम्हाला न विचारता. चार सेकंद. पुन्हा तेवढीच कसली. तीन. मग खिशातून वही काढून तारीख, वेळ आणि सुयांचे फेरे लिहून ठेवले, कारण शर्यत थंडीच्या सकाळी आहे, आणि थंड, दाट हवेत हीच सुई लीन ठरणार आहे. “तिथे पुन्हा थोडी सैल करायची ना, मामू?” त्याने विचारले. रिक्षावाल्याच्या मुलाने तोवर डब्याचे झाकण घट्ट लावून डबा पिशवीत ठेवला होता.