म्युझेनबर्ग
म्युझेनबर्ग हे दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन महानगराचे समुद्रकिनारी उपनगर आहे. ते फॉल्स बे उपसागराच्या वायव्य कोपऱ्यात वसले असून पोहणे व सर्फिंग यांसाठी प्रसिद्ध आहे.

पाण्याचे तापमान
उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) येथील समुद्राचे तापमान साधारणतः १८ ते २२° से. असते. केप द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडील कॅम्प्स बे व क्लिफ्टन येथे मात्र ते अनेकदा १० ते १४° से. इतके खाली जाते. म्युझेनबर्गचा किनारा हिंदी महासागराचा असल्याने पाणी उबदार आहे, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात दोन महासागरांची सीमा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप अगुलास येथे मानली जाते. त्यामुळे दोन्ही किनारे अटलांटिकचेच होत.

फरकाचे मुख्य कारण वारा आहे. उन्हाळी आग्नेय वारा व पृथ्वीचे परिवलन यांमुळे पश्चिम किनाऱ्यावरील पृष्ठजल खोल समुद्राकडे सरकते आणि खालचे थंड पाणी वर येते. उपसागराचे उथळ पाणी मात्र उन्हाने तापते. हिवाळ्यात हा वारा मंदावतो व दोन्हीकडील तापमानांतील अंतर बरेच कमी होते.

सुरक्षितता
थंड पाण्यात एकाएकी उतरल्यास श्वासावरील नियंत्रण सुटून बुडण्याचा धोका संभवतो. म्हणून कडक उन्हावरून पाण्याच्या उबदारपणाचा अंदाज बांधणे योग्य नसते.