‘ग्रोक’ म्हणजे नेमकं काय? चॅटबॉटच्या आधीपासून आहे हा शब्द

एक्सवर एखादा फोटो किंवा दावा व्हायरल झाला, की खाली हमखास एक कमेंट दिसते : ‘ग्रोक, हे खरं आहे का?’ इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा चॅटबॉट आणला. पण ‘ग्रोक’ हा शब्द त्याहून ६०हून अधिक वर्षं जुना आहे.

शब्द आला कुठून?

अमेरिकन विज्ञानकथा लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९६१ साली आलेल्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ या कादंबरीत तो तयार केला. मंगळावर वाढलेला एक माणूस पृथ्वीवर येतो, अशी ही कथा. तिथल्या काल्पनिक मंगळभाषेत ‘ग्रोक’चा शब्दशः अर्थ ‘पिणं’. प्यायलेलं पाणी जसं आपल्यापासून वेगळं राहत नाही, तशी एखादी गोष्ट समजून आपलाच भाग होणं, म्हणजे ग्रोक.

वापर कसा होतो?

पुढे इंग्रजीत तो क्रियापद म्हणून रुळला, शब्दकोशातही गेला. प्रोग्रामर मंडळींचा तर तो लाडका शब्द. एखाद्या कॉम्प्युटर भाषेचे नियम पाठ असणं वेगळं आणि त्या भाषेतच विचार करता येणं वेगळं. दुसऱ्या अवस्थेला ते ‘ग्रोक’ म्हणतात.

एआय संशोधनातही ‘ग्रोकिंग’ हा शब्द आहे. आधी फक्त उदाहरणं पाठ केलेलं मॉडेल, दीर्घ प्रशिक्षणानंतर कधी न पाहिलेल्या उदाहरणांचीही बरोबर उत्तरं देऊ लागतं, त्याला ग्रोकिंग म्हणतात.

मराठीत काय म्हणाल?

‘कळणं’ अपुरं पडतं, ‘उमगणं’ थोडं जवळ जातं. सर्वांत जवळचा शब्द बहुधा ‘मुरणं’. फोडींमध्ये मीठ-मसाला मुरतो, तसं गाणं गायकात मुरतं. दोन्हींना वेळ लागतो.

मग चॅटबॉटचं काय?

नाव ‘ग्रोक’ असलं, तरी त्याचं उत्तर चुकू शकतं. सफाईदार वाक्यं म्हणजे खोल समज नव्हे. त्यामुळे फॉरवर्ड करण्याआधी फोटो मुळात कुठला, कधीचा आणि बातमी आणखी कुणी दिली आहे का, हे स्वतः तपासा. उत्तर दोन सेकंदांत मिळतं. समज मुरायला वेळ द्यावाच लागतो.