केनेथ ॲरो आणि आरोग्यसेवेचे अर्थशास्त्र

मंडईत भाजी घेणारा ग्राहक भाव विचारतो, माल हाताळून पाहतो आणि न पटल्यास शेजारच्या गाळ्यावर जातो. रुग्णाला यांपैकी फारसे काही करता येत नाही. आजार केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते. कोणता उपचार हवा, हे ज्याला पैसे द्यायचे त्या डॉक्टरकडूनच त्याला ऐकावे लागते. बरे वाटले तरी ते औषधाने की आपोआप, हे सांगता येत नाही. अनुभवाने सर्वांना माहीत असलेल्या या गोष्टी अर्थशास्त्राच्या काटेकोर चौकटीत बसविण्याचे श्रेय अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांच्याकडे जाते.

वस्तुतः हे काम त्यांच्याकडे यावे, हेच काहीसे नवलाचे होते. १९२१ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेले ॲरो हे शुद्ध सैद्धांतिक अभ्यासक. विशिष्ट अटी पूर्ण झाल्यास स्पर्धात्मक बाजार समतोल साधू शकतो, याची गणिती सिद्धता त्यांनी १९५४ मध्ये जेरार्ड डेब्रू यांच्यासमवेत मांडली होती. फोर्ड फाउंडेशनमधील व्हिक्टर फुक्स यांनी आरोग्यावर लिहिण्यासाठी त्यांनाच गळ घातली. आरोग्यक्षेत्राचा त्यांचा विशेष अभ्यास नव्हता. तथापि अनिश्चितता हा विषय मात्र त्यांच्या परिचयाचा होता. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या हवामान विभागात अधिकारी होते. महिनाभर आधी वर्तविलेले अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा सरस नाहीत, असे तेथील अभ्यासकांनी वरिष्ठांना कळविले. अंदाज निरुपयोगी आहेत हे सेनापतींना ठाऊक आहे, पण नियोजनासाठी ते हवेत, असे उत्तर आल्याची आठवण ॲरो सांगत असत.

डिसेंबर १९६३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आजार होण्याची आणि उपचार लागू पडण्याची अनिश्चितता हेच आरोग्यसेवेच्या वेगळेपणाचे मूळ, असे त्यांनी प्रतिपादन केले. अशा जोखमीवर विमा हा स्वाभाविक उपाय, पण बाजार तो सर्वांना पुरवीत नाही. विमा उतरला की उपचारांचा वापर वाढतो आणि ज्यांना आजाराची शक्यता अधिक तेच विम्याकडे अधिक वळतात. (आपल्याकडील पॉलिसीतील को-पेमेंट आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी या तरतुदींमागे हीच दोन कारणे आहेत.) मग ही उणीव भरून कशी निघते? ॲरो यांच्या मते, परवाना पद्धती, ना-नफा रुग्णालये आणि डॉक्टरने स्वतःचा लाभ बाजूस ठेवून सल्ला द्यावा ही अपेक्षा, अशा बाजाराबाहेरील व्यवस्था समाज उभ्या करतो. विश्वासाला अर्थशास्त्रीय मूल्य असते, हे त्या काळी धाडसाचे विधान होते.

ते सर्वांना पटले असे मात्र नाही. मार्क पॉली यांनी १९६८ मध्ये त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला : सेवा स्वस्त झाल्यास माणूस ती अधिक वापरतो, यात अनैतिक काही नाही. त्यामुळे सर्वच आजारांवर पूर्ण विमा हितावह ठरेलच असे नाही. ॲरो यांनी मुद्दा मान्य केला, परंतु परस्परविश्वासाचे महत्त्व सोडले नाही. वाद तर्काने मिटणारा नव्हता. पुढे रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात हजारो लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग केला. खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलणाऱ्यांचा आरोग्यखर्च मोफत उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी भरला. सरासरी आरोग्यात फारसा फरक दिसला नाही, म्हणजे पॉली यांची सरशी झाली म्हणावी. पण उच्च रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांना मोफत उपचारांचा स्पष्ट लाभ झाला, आणि लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले. कोणता उपचार गरजेचा हे रुग्णाला ओळखता येत नाही, ही ॲरो यांची बाजू येथे खरी ठरली.

परवाना पद्धती ही समाजाची गरज कमी आणि डॉक्टरांच्या संघटित सामर्थ्याचे फळ अधिक, हा पॉल स्टार यांचा १९८२ मधील आक्षेपही वजनदार आहे. ॲरो यांनी वैद्यकीय व्यवसायाकडे जरा उदार दृष्टीने पाहिले, हे नाकारता येत नाही. तरीही टीकाकारांना सुरुवात त्यांच्याच लेखापासून करावी लागते. १९७२ मध्ये जॉन हिक्स यांच्यासमवेत मिळालेले नोबेल आरोग्यावरील लेखनासाठी नव्हते. त्या लेखाची थोरवी सावकाश उमगत गेली. २००१ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, आरोग्यधोरणाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकाने संपूर्ण विशेषांक या एका लेखाच्या फेरविचारासाठी काढला.

ऐंशी उलटल्यावर ॲरो यांनी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या मलेरियाविषयक समितीचे अध्यक्षपद स्वीकारले. सुमारे दहा सेंटना मिळणारे क्लोरोक्विन निष्प्रभ होत चालले होते आणि आर्टेमिसिनिनयुक्त नव्या औषधांचा खर्च दोन डॉलरच्या आसपास होता. आफ्रिकेतील गरीब रुग्ण औषध बहुधा गावातील दुकानातूनच घेतो. तेव्हा अनुदान कारखान्यापाशीच द्यावे, म्हणजे दुकानातला भाव उतरेल आणि एकेरी औषधांमुळे वाढणारी प्रतिरोधक्षमताही लांबणीवर पडेल, अशी शिफारस समितीने २००४ च्या अहवालात केली. त्या आधारे घाना, केनिया, नायजेरिया आदी देशांत पथदर्शी योजना राबविण्यात आली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात बहुतेक ठिकाणी दर्जेदार औषधांची उपलब्धता वाढल्याचे आढळले. ॲरो यांचे २०१७ साली कॅलिफोर्नियात निधन झाले.