दिवा हिरवा, पण नेट बंद : नेटवर्कचा काळा पडदा आपल्या तरुणांना वाचता आला पाहिजे

इंदापूर तालुक्यातील एका विहाराच्या अभ्यासिकेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम सुरू होते. महाडीबीटी पोर्टलची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. खोक्यावरचे दिवे हिरवे होते, पण पान उघडत नव्हते. उघडलेच तर ओटीपी टाकेपर्यंत अडकत होते. मोबाईलला रेंजची एकच काडी. कुणी म्हणाले, "पोर्टलच डाऊन आहे." कुणी म्हणाले, "आपल्या वस्तीची लाईन मुद्दाम ढिली ठेवतात." नेट देणाऱ्याला फोन केला तर उत्तर आले, "आमच्याकडून सगळं ओके आहे, राउटर बंद करून चालू करा." तसे केले. थोडा वेळ बरे वाटले, पुन्हा तेच. शेवटी मुले गाड्या काढून इंदापूर शहरात गेली आणि रात्री उशिरापर्यंत अर्ज भरत बसली. दोघांचे अर्ज राहिलेच.

तिसऱ्या दिवशी आम्ही बारामतीहून तिथे गेलो. वीस मिनिटांत दोष सापडला. तो पोर्टलचा नव्हता, नेट देणाऱ्याचाही नव्हता. राउटर पुढच्या खोलीत आणि अभ्यासिका मागे. मधून पत्र्याखालून ओढलेली आपलीच केबल उंदराने कुरतडली होती. दोन मुलांचे अर्ज हुकले ते केबलमुळे, आणि ती केबल खराब आहे हे सांगणारे यंत्र तिथेच असून त्याला विचारता येणारा माणूस नव्हता म्हणून. हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे.

काळा पडदा म्हणजे काय?

अभ्यासिकेत एका कारखान्याने मोडीत काढलेला मॅनेज्ड स्विच कुणीतरी आणून बसवला होता. असा स्विच नुसती जोडणी करत नाही. प्रत्येक पोर्टमधून किती डेटा गेला, किती पाकिटे खराब आली, जोडणी कधी तुटली याची तो नोंद ठेवतो. ही नोंद वाचण्याचा रस्ता म्हणजे कमांड लाईन : काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर, आपण एक ओळ टाइप करायची आणि यंत्राने उत्तर द्यायचे. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात. इथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.

आता सगळ्याला अॅप असताना हे जुने कशाला, असा प्रश्न मुले विचारतात. कारण साधे आहे. नेटवर्क पडले की अॅपही उघडत नाही आणि राउटरचे वेबपानही. काळा पडदा मात्र उघडतो. यंत्राच्या अंगावर 'कन्सोल' लिहिलेले एक भोक असते. लॅपटॉपपासून तिथपर्यंत कन्सोल केबल जोडायची, 'पुटी' हा मोफत प्रोग्रॅम उघडायचा, वेग बहुतेक ठिकाणी ९६०० ठेवायचा, की यंत्र बोलू लागते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. दुरून काम करायचे असेल तर 'एसएसएच' वापरायचे. १९९५ मध्ये आलेली ही पद्धत सगळे संभाषण सांकेतिक करून पाठवते. त्याआधीचे 'टेलनेट' पासवर्डसुद्धा उघडा पाठवते, म्हणून ते बंदच ठेवावे. शिवाय सगळे उत्तर अक्षरांत असल्यामुळे ते जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते आणि महिन्याने ताडून पाहता येते.

आम्ही दोष कसा शोधला

पहिली आज्ञा 'पिंग'. १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. लॅपटॉप अभ्यासिकेतल्या स्विचला लावला आणि तीन टप्प्यांवर शंभर-शंभर हाका मारल्या : आधी आपला राउटर, मग नेट देणाऱ्याचे पहिले यंत्र, मग बाहेरच्या जगातला एक पत्ता.

इथेच अर्धी तपासणी होते. राउटरपर्यंत सगळ्या हाकांना ओ आली आणि पुढे तुटली, तर दोष बाहेर आहे. राउटरपर्यंतच हाका हरवू लागल्या, तर दोष घरात आहे. आमच्या हाका राउटरपर्यंतच हरवत होत्या. म्हणजे नेट देणारा खोटे बोलत नव्हता. हे कबूल करणे तिथल्या मुलांना जड गेले, पण पडद्यावर आकडे होते.

मग स्विचला कन्सोल केबल लावली. 'एनेबल' म्हणून आत गेलो आणि 'शो इंटरफेसेस' विचारले. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टखाली 'सीआरसी' या शब्दासमोर मोठा आकडा होता. यंत्र डेटाचे पाकीट पाठवताना त्याच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा जोडते. घेणारे यंत्र तोच हिशेब पुन्हा करते. जुळला नाही की पाकीट फेकून देते आणि सीआरसीत एकाची भर घालते. केबल किंवा जोड खराब असला की हा आकडा चढत जातो. पण नोंदीतला आकडा आजचा की सहा महिन्यांपूर्वीचा? म्हणून 'क्लिअर काउंटर्स' देऊन तो शून्यावर आणला, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा पाहिले. आकडा परत चढला होता. नवी केबल टाकली, पुन्हा दहा मिनिटे थांबलो. शून्य. मगच काम झाले असे म्हटले.

दिवा हिरवा का होता? कारण हिरवा दिवा एवढेच सांगतो की दोन टोके जोडलेली आहेत. त्यातून जाणारे धड पोचते का, हे तो सांगत नाही.

पहारा ठेवणारी यंत्रे

दोष घडल्यावर शोधण्यापेक्षा रोज नजर ठेवणे बरे. त्यासाठी महागडी सामग्री लागतेच असे नाही. रास्पबेरी पायसारखा हाताच्या पंजाएवढा लिनक्स संगणक किंवा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप पुरतो. वर सांगितलेल्या तीन टप्प्यांना दर मिनिटाला हाक मारायची आणि उत्तर वेळेसह फाइलमध्ये लिहायचे, असे 'क्रॉन' या व्यवस्थेला सांगून ठेवले की दिवसाला प्रत्येक टप्प्याच्या १,४४० नोंदी जमतात. "नेट स्लो आहे" ही तक्रार कुणीही उडवून लावतो. "आठवडाभर रोज संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या पहिल्याच यंत्रापाशी हाका हरवतात, ही घ्या नोंद" ही तक्रार उडवता येत नाही.

मोठ्या ठिकाणी हेच काम 'एसएनएमपी' करते. १९८८ पासून रुळलेली ही पद्धत स्विच, राउटर आणि कार्ड बसवलेल्या यूपीएसलाही लागू पडते. पाहणारा संगणक ठरावीक वेळाने विचारतो : किती डेटा गेला, तापमान किती, बॅटरी किती? आणि काही बिघडले तर यंत्र न विचारताच कळवते. त्याला 'ट्रॅप' म्हणतात. अनेक यंत्रांत याचा परवलीचा शब्द कारखान्यातूनच 'पब्लिक' असा येतो. तो पहिल्या दिवशी बदलावा आणि यंत्र चालवत असेल तर सांकेतिक संभाषण करणारी तिसरी आवृत्ती वापरावी.

घड्याळाकडेही लक्ष द्या. अनेक छोट्या राउटरांना घड्याळाची स्वतंत्र बॅटरी नसते. वीज गेली की त्यांचे घड्याळ १९७० सालच्या जानेवारीत जाऊन बसते, कारण संगणकांची कालगणना १ जानेवारी १९७० पासून मोजतात. अशी नोंद पुरावा म्हणून कुचकामी. 'एनटीपी' चालू केले की यंत्र इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते. आमच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे हे विसरून चालत नाही.

गावातला फायबर : वीज गेली की तार तुटली?

भिगवणपासून इंदापूरपर्यंत हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना गावे आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेले आणि पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखले जाणारे काम ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे आहे. खासगी जोडण्याही आता फायबरच्याच आहेत. गावातल्या टोकाला 'ओएनटी' नावाचे खोके असते आणि अशा अनेक खोक्यांना सांभाळणारे 'ओएलटी' दूरच्या केंद्रात.

गावातले नेट बंद पडले की वाद ठरलेला : तुमची वीज गेली, की तुमची तार जेसीबीने तोडली? याचे उत्तर ओएलटीच्या काळ्या पडद्यावर मिळते. ओएनटीची वीज गेली की आत उरलेल्या किंचित विजेवर ते शेवटचा निरोप पाठवते. त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात, म्हणजे अखेरचा श्वास. तार तुटली तर तो निरोप येऊच शकत नाही. फक्त प्रकाश नाहीसा झाल्याची नोंद होते. अखेरचा श्वास आला असेल तर वायरमनला बोलवा, आला नसेल तर फायबर जोडणाऱ्याला. पोचणारा प्रकाशही मोजता येतो. तो डीबीएम या एककात, उणे आकड्यात असतो. नेहमीच्या प्रकारात साधारण उणे २७ च्या खाली गेला की जोडणी डळमळते, आणि ३ ने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. कालपर्यंत उणे २० असलेला आकडा आज उणे २६ झाला, तर नेट चालू असतानाच समजावे की कुठेतरी तार वाकली आहे किंवा जोड खराब झाला आहे.

हात घालण्यापूर्वी

'शो'ने सुरू होणारी आज्ञा फक्त दाखवते. काही बिघडवत नाही. शिकणाऱ्याने महिनाभर तेवढेच करावे. अडले तर प्रश्नचिन्ह टाइप करावे, पुढे काय लिहिता येते ते यंत्रच सांगते. बदल करण्याआधी चालू मांडणीची प्रत काढून ठेवावी. सिस्कोसारख्या यंत्रात केलेला बदल जपून ठेवला नाही तर वीज जाताच पुसला जातो. दुरून बदल करताना आधी 'रीलोड इन १०' द्यावे : आपणच आपला रस्ता तोडला तर दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होऊन जुन्या मांडणीवर येते, सगळे नीट झाले तर ती आज्ञा रद्द करून बदल जपावा. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये याच कामासाठी 'सेफ मोड' आहे.

आणि ज्या यंत्राची परवानगी नाही त्यात शिरू नये, पासवर्ड माहीत असला तरी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गंमत म्हणून केलेल्या गोष्टीने आपल्या मुलाचे करिअर संपायला नको.

खांबावरून खुर्चीपर्यंत

बारामतीच्या एमआयडीसीत आणि इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत आपली मुले कामाला आहेत. केबल ओढणे, खांबावर चढणे, चर खणणे ही कामे ती चोख करतात. पण तीच केबल ज्या पडद्यावर दिसते त्या पडद्यापुढच्या खुर्चीत आपली मुले आम्हाला फारच कमी दिसतात. अंगमेहनत आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. वीज आणि पाणी यांच्या नियोजनाचे कामही त्याच खात्यात येत होते. आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी त्यांनी १९४२ मध्येच सरकारपुढे लेखी मांडली होती. यंत्र चालवणारा आणि यंत्र समजणारा यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

शिकायला पैसा फार लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मोफत घालता येते. सिस्कोचा 'पॅकेट ट्रेसर' मोफत मिळतो. त्यात खोटे स्विच-राउटर जोडून कितीही चुका करता येतात. आयटीआय आणि पदविकेच्या मुलांनी रविवारी विहारात दोन तास बसावे, येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवावे. मुलींना मागच्या बाकावर बसवू नका. काळ्या पडद्याला खांबावर चढणारे दंड लागत नाहीत, नीट वाचणारे डोळे लागतात.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कुणाच्या अधिकारावर विसंबू नका, स्वतः तपासा. त्या अभ्यासिकेत "मुद्दाम करतात" हे ऐकीव होते आणि "सगळं ओके आहे" हेही ऐकीवच होते. अन्याय होत असेल तर तो नोंदीत दिसेल आणि मग आपण नोंद घेऊन भांडू. चूक आपली असेल तर तीही दिसेल आणि आपण केबल बदलू. दोन्हींसाठी आधी पाहता आले पाहिजे.

पुढच्या हंगामात त्या अभ्यासिकेतला एकही अर्ज राहू नये म्हणून तिथल्या बारावीच्या एका मुलीने पहाऱ्याची फाइल रोज सकाळी उघडून पाहण्याचे काम घेतले आहे. आपल्या विहारात हे काम कोण घेणार, ते या रविवारीच ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!