एकच शब्द, दोन गोष्टी

सातारा-सांगलीकडच्या माणसाला ‘सुंता’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या मुसलमान घरी मुलाची सुंता असली, की त्याला नवे कपडे, गळ्यात हार आणि आळीला जेवण! फलटणचे बजाजी निंबाळकर विजापुराहून बाटून आले आणि पुन्हा स्वधर्मात घेतले गेले, ही कथाही आपण लहानपणापासून ऐकलेली. अरबी ‘सुन्नत’ मराठीत इतकी रुळली. पण मुलीचेही असेच काही करतात, त्याला मात्र आपल्याकडे शब्दच नाही.

दाऊदी बोहरा समाजात आहे. ‘खतना’. मुलाचा तोच, मुलीचाही तोच. आणि सारा घोटाळा इथूनच सुरू होतो. साधारण सातव्या वर्षी आजी किंवा मावशी मुलीला घेऊन जाते. हार नाही, जेवण नाही. उलट ‘कुणाला सांगू नकोस’ अशी ताकीद. २०१५ च्या सुमारास त्याच समाजातल्या बायका मुंबईत उघडपणे बोलू लागल्या, तेव्हा कुठे बाहेरच्यांच्या कानावर हे गेले.

प्रथेचे समर्थक विचारतात, मुलाची कातडी कापलेली चालते, मग मुलीची एवढीशी का खुपते? सवाल टाळण्याजोगा नाही. मुलालाही कुणी विचारलेले नसते; जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने २०१२ साली नेमका हाच आक्षेप घेतला होता, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून सुंतेला परवानगी दिली. पण पुरुषांच्या सुंतेने एच. आय. व्ही.चा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, असे आफ्रिकेतल्या चाचण्यांत दिसले. मुलीच्या बाबतीत वैद्यकाला एकही लाभ सापडलेला नाही. इजा मात्र पुष्कळ. सुदान-सोमालियात तर सारे कापून शिवूनही टाकतात. शिवाय हेतू पाहा. मुलाच्या वासनेला लगाम घालावा म्हणून त्याची सुंता करतात, असे आपल्या आळीत कुणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. मुलीच्या बाबतीत हे कारण बिनदिक्कत सांगितले जाते. माझ्या मते खरा फरक इथे आहे, कातडीच्या मापात नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली विधीपुरता दिलेला छेदही गुन्हाच ठरवला. आपल्याकडे २०१७ साली जनहितयाचिका दाखल झाली. बाईच्या देहावर परक्याची सत्ता का असावी, असे न्यायमूर्तींनी २०१८ च्या जुलैत विचारले. सप्टेंबरात प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले आणि २०१९ साली शबरीमलाच्या प्रश्नाबरोबर आणखी मोठ्या पीठापुढे ठेवण्याचा विचार झाला.