विश्लेषण : ई-कारची बॅटरी नवी, तरी गाडी जागची हलेना… कंट्रोल मॉड्यूलचे ‘रीप्रोग्रामिंग’ का करावे लागते?

जुन्या पेट्रोल गाडीचा क्लच किंवा स्टार्टर बदलला, की ती लगेच रस्त्यावर आणता येत असे. इलेक्ट्रिक गाडीचे तसे नाही. बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर किंवा चार्जर यांपैकी एखादा मोठा भाग बदलला, सगळे बोल्ट आवळले, केबल जोडल्या, तरी डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागतात आणि गाडी ‘रेडी’ होत नाही, असे अनेकदा घडते. नव्या भागाची ओळख गाडीतील संगणकांना करून दिलेली नसते, हे त्याचे कारण. हे काम पान्याने नव्हे, तर लॅपटॉपने होते आणि त्याची किल्ली बहुतांश वेळा कंपनीच्या हाती असते.

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात इलेक्ट्रिक मोटारींची विक्री एक लाखाच्या वर गेली. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या सुरुवातीच्या गाड्यांची बॅटरी व मोटरवरील ८ वर्षांची वॉरंटी २०२८ पासून संपू लागेल. त्यानंतर दुरुस्तीचा खर्च मालकाच्या खिशातून जाणार आहे. त्यामुळे ही प्रक्रिया समजून घेणे गरजेचे आहे.

गाडीत नेमके किती ‘संगणक’ असतात?

इलेक्ट्रिक गाडीत एक नव्हे, तर अनेक छोटे संगणक असतात. त्यांना कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. बॅटरीतील प्रत्येक सेलचा व्होल्टेज, तापमान आणि चार्ज यांवर बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजेच बीएमएस, लक्ष ठेवते. इन्व्हर्टर बॅटरीतील डीसी विजेचे एसीमध्ये रूपांतर करून मोटर फिरवतो. घरच्या सॉकेटमधून येणारी वीज ऑनबोर्ड चार्जर बॅटरीला योग्य रूपात देतो. डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज करतो. या सर्वांवर व्हेइकल कंट्रोल युनिट देखरेख करते. याशिवाय एअरबॅग, ब्रेक, दरवाजे आणि इमोबिलायझर यांची स्वतंत्र मॉड्यूल असतात.

ही मॉड्यूल ‘कॅन’ नावाच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये हे तंत्र जगासमोर मांडले आणि आजही बहुतांश गाड्यांत तेच वापरले जाते. गाडी सुरू करताना मॉड्यूल एकमेकांची विचारपूस करतात. उत्तर आले नाही किंवा अनोळखी आले, तर मुख्य बॅटरीचे कॉन्टॅक्टर जोडले जात नाहीत. शेकडो व्होल्टची वीज बॅटरीतच अडवून ठेवणे हा सुरक्षेचा भाग आहे. म्हणजे गाडी ‘बिघडलेली’ नसते, ती खात्री पटेपर्यंत थांबलेली असते.

रीप्रोग्रामिंग म्हणजे काय?

या एका शब्दाखाली चार वेगवेगळी कामे येतात. पहिले ‘फ्लॅशिंग’, म्हणजे मॉड्यूलमधील सॉफ्टवेअर पुसून नवे भरणे. दुसरे ‘कोडिंग’, म्हणजे ही गाडी कोणत्या मॉडेलची, किती क्षमतेच्या बॅटरीची, कोणत्या देशासाठी बनलेली आहे, ही माहिती मॉड्यूलमध्ये भरणे. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजेच चॅसी क्रमांकही याच वेळी नोंदवला जातो. तिसरे ‘पेअरिंग’, म्हणजे चोरीपासून बचावासाठी असलेली गुप्त ओळख दोन मॉड्यूलमध्ये जुळवणे. चौथे ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘लर्निंग’, म्हणजे नव्या भागाची मोजमापे गाडीला शिकवणे.

प्रत्येक दुरुस्तीत ही चारही कामे लागतातच असे नाही. कोणता भाग बदलला आणि त्या कंपनीची रचना कशी आहे, यावर ते ठरते. त्यामुळे बिलावर केवळ ‘प्रोग्रामिंग’ असे लिहिले असेल, तर यांतले नेमके काय केले, हे विचारणे योग्य ठरते.

बॅटरी बदलल्यावर काय होते?

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील शेवरले बोल्टचे. सेलमधील उत्पादन दोषामुळे आगीच्या घटना घडल्यानंतर जनरल मोटर्सने २०२१ मध्ये या मॉडेलच्या सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या आणि बॅटरी मॉड्यूल बदलण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २०१७ ते २०१९ मधील गाड्यांमध्ये मूळ सेलच्या जागी अधिक क्षमतेचे नवे सेल आले. त्यामुळे एका चार्जमधील अधिकृत अंतर २३८ मैलांवरून २५९ मैलांवर, म्हणजे सुमारे ३८३ किलोमीटरवरून ४१७ किलोमीटरवर गेले. बॅटरी मोठी झाली, पण गाडीला ती आधीचीच वाटत राहिली, तर हा फायदा मालकाला मिळणार कसा? अशा वेळी किती चार्ज शिल्लक आहे, चार्जिंग कुठे थांबवायचे आणि किती अंतर जाता येईल, याचे हिशेब नव्याने भरावे लागतात.

याच कार्यक्रमात काही गाड्यांना नवी बॅटरी न देता आधी तपासणीचे सॉफ्टवेअर देण्यात आले. त्याने चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवली आणि सुमारे १० हजार किलोमीटर चालेपर्यंत सेलवर नजर ठेवली. बॅटरी किती भरायची, हे सेलइतकेच सॉफ्टवेअरही ठरवते, हे यातून दिसते.

काही गाड्यांत बीएमएस बॅटरी पॅकच्या आतच असते, त्यामुळे पॅकबरोबर तीही बदलते. काहींत हिशेब ठेवणारे मॉड्यूल बाहेर असते आणि जुन्या, झिजलेल्या बॅटरीची नोंद त्यात तशीच राहते. मग नवी बॅटरी बसवूनही रेंज कमी दिसते. संपूर्ण पॅकऐवजी त्यातील एकच मॉड्यूल बदलले, तर आणखी काळजी लागते. नव्या सेलचा व्होल्टेज जुन्या सेलशी आधी जुळवून घ्यावा लागतो. पॅकची ताकद त्यातील सर्वात कमकुवत सेलवर ठरत असल्याने, रीप्रोग्रामिंगने जुने सेल तरुण होत नाहीत.

मोटर किंवा इन्व्हर्टर बदलल्यास काय?

बहुतांश ई-कारमध्ये कायमचुंबक असलेली सिंक्रोनस मोटर असते. रोटर या क्षणी नेमक्या कोणत्या कोनात आहे, हे कळल्याशिवाय इन्व्हर्टर योग्य वेळी योग्य प्रवाह सोडू शकत नाही. हा कोन सांगण्यासाठी मोटरवर ‘रिझॉल्व्हर’ नावाचा सेन्सर असतो. मात्र सेन्सरचा शून्य अंश आणि चुंबकाचा शून्य अंश यांत प्रत्येक मोटरमध्ये थोडा फरक राहतो. हा फरक इन्व्हर्टरच्या स्मृतीत नोंदलेला असतो.

मोटर बदलली किंवा इन्व्हर्टर बदलला, की जुनी नोंद निरुपयोगी होते. नवा आकडा भरावा लागतो किंवा ठरलेल्या पद्धतीने गाडीला तो शिकू द्यावा लागतो. हे केले नाही, तर तेवढ्याच ताकदीसाठी मोटर जास्त प्रवाह ओढते, गाडी झटके देते, तापते किंवा दोष ओळखून बंद पडते. बाहेरून पाहता दोन्ही मोटरी अगदी सारख्या दिसत असल्या, तरी हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

भारतात अशी उदाहरणे आहेत का?

आहेत. २०२४ च्या जून महिन्यात ह्युंदाईने भारतातील १,७४४ आयोनिक-५ गाड्या, तर जुलैमध्ये कियाने १,१३८ ईव्ही-६ गाड्या परत बोलावल्या. दोन्हींत मुद्दा आयसीसीयू या एकत्रित चार्जिंग कंट्रोल युनिटचा होता. ऑनबोर्ड चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर यांचे काम या एकाच खोक्यात होते. त्यात बिघाड झाला, तर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होणे थांबते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी बंद पडू शकते.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत ह्युंदाई समूहाने अशाच कारणासाठी गाड्या बोलावल्या होत्या. तेथील उपाय दुहेरी होता : सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि तपासणीत गरज आढळल्यास युनिट व त्याचा फ्यूज बदलणे. मात्र त्यावर विषय मिटला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्युंदाई व जेनेसिसच्या सुमारे १ लाख ४५ हजार गाड्या तेथे पुन्हा बोलवाव्या लागल्या. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर अपडेट झाले’ एवढ्यावर समाधान न मानता, युनिट तपासले का, हेही मालकाने विचारायला हवे.

हे काम प्रत्यक्षात कसे होते?

स्टीअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला एक इंटरफेस जोडला जातो आणि तो लॅपटॉपशी बोलतो. तंत्रज्ञ आधी सर्व मॉड्यूलमधील दोष-संकेत वाचून जतन करतो. नंतर कंपनीच्या सर्व्हरवरून त्या व्हीआयएनसाठीची फाइल उतरवली जाते. मॉड्यूल एक कोडे घालते, अधिकृत यंत्रणेने त्याचे बरोबर उत्तर दिले, तरच लेखनाची परवानगी मिळते. मग जुने सॉफ्टवेअर पुसून नवे भरले जाते, शेवटी पडताळणी होते आणि मॉड्यूल पुन्हा सुरू केले जाते.

यात सर्वात मोठा धोका साधा आहे : १२ व्होल्टची बॅटरी मध्येच उतरणे. दुरुस्तीवेळी मुख्य बॅटरी तोडलेली असेल, तर छोटी बॅटरी चार्ज होत नाही आणि दुसरीकडे सगळी मॉड्यूल जागी असल्याने ती वेगाने उतरते. सॉफ्टवेअर अर्धवट भरलेले असताना वीज गेली, तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. म्हणूनच चांगल्या कार्यशाळेत स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर लावल्याशिवाय हे काम सुरू केले जात नाही.

जुन्या गाडीतला भाग वापरता येतो का?

अपघातग्रस्त गाडीतील बॅटरी किंवा चार्जर स्वस्तात मिळतो. पण तो आधीच्या गाडीच्या व्हीआयएनशी जोडलेला असू शकतो. अपघातात एअरबॅग उघडल्या असतील, तर अनेक गाड्यांत मुख्य बॅटरी तोडली जाते आणि तशी नोंद राहते. ती रीतसर काढल्याशिवाय कॉन्टॅक्टर जोडले जात नाहीत.

भारतात न विकल्या गेलेल्या निसान लीफबाबत परदेशातील मेकॅनिकना हाच अनुभव आला. जुन्या लीफमध्ये नंतरच्या वर्षांतील मोठी बॅटरी बसवली, की गाडी तिला ओळखत नसे. मग काहींनी गाडी आणि बॅटरीच्या मध्ये बसून संदेशांचे ‘भाषांतर’ करणारे छोटे सर्किट तयार केले. ही युक्ती चालते, पण तिची जबाबदारी कंपनी घेत नाही. शिवाय सुरक्षेचे संदेश बदलणारे उपकरण सदोष निघाले, तर धोका थेट प्रवाशांना असतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजला हे का जमत नाही?

कौशल्य शिकता येते. सर्व्हरचा प्रवेश मिळत नाही, ही खरी अडचण. कंपन्यांचा युक्तिवाद सायबर सुरक्षेचा आहे आणि तो पोकळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५५ व आर-१५६ या नियमांनुसार वाहनाचे हॅकिंगपासून संरक्षण आणि सॉफ्टवेअर बदलांचे व्यवस्थापन ही उत्पादकाची जबाबदारी आहे. युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना ते लागू झाले. पुण्याच्या ‘एआरएआय’नेही त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानके तयार केली आहेत.

दुसरी बाजू ग्राहकाच्या हक्काची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करावीत, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे निर्देश त्यात होते. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०२० मध्ये मतदारांनीच गाडीतील डेटा स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुला करण्याच्या बाजूने कौल दिला.

सुरक्षा आणि हक्क यांतून एकच निवडण्याची गरज नाही. प्रशिक्षित गॅरेजची नोंदणी करून, वाजवी शुल्क आकारून, कोणी काय बदलले याची नोंद ठेवून प्रवेश देता येतो. तसे झाले नाही, तर वॉरंटीबाहेर गेलेली ई-कार केवळ एका सॉफ्टवेअर फाइलसाठी अधिकृत केंद्रावर अवलंबून राहील. जवळ असे केंद्र नसलेल्या तालुक्यातील मालकाला त्यासाठी गाडी टोइंग करून न्यावी लागेल.

वाहनमालकांनी काय तपासावे?

मोठा भाग बदलल्यावर जॉब कार्डवर जुन्या व नव्या भागाचा अनुक्रमांक, सॉफ्टवेअरची आधीची व नंतरची आवृत्ती आणि केलेले कॅलिब्रेशन लिहून घ्यावे. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट मागावा. गाडी ताब्यात घेण्याआधी घरगुती आणि वेगवान, अशा दोन्ही चार्जरवर ती चार्ज होते का, हे पाहावे. विम्यातून दुरुस्ती होणार असेल, तर प्रोग्रामिंगचा खर्च अंदाजपत्रकात आधीच दाखवून मंजूर करून घ्यावा.

जुनी ई-कार घेताना केवळ स्क्रीनवरील ‘बॅटरी हेल्थ’वर विसंबू नये. काही गाड्यांत नोंदी पुसल्यावर झिजलेली बॅटरीही काही काळ चांगली दिसते. पूर्ण चार्ज करून प्रत्यक्ष किती किलोमीटर जाते आणि त्यात किती टक्के खर्च होतात, ही चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. तसेच बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते, हे कागदावर पाहावे. टाटा आणि महिंद्रा यांच्या काही मॉडेलवरील ‘आजीवन’ बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे, दुसऱ्या मालकासाठी तिची मुदत कमी होते.