आवाज समजून घेताना
लेखांक ५ : शंभर ढोल, किती आवाज?

गेल्या आठवड्यात आपण ध्वनिलहरी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार, इथपर्यंत आलो होतो. आता तो मोजायच्या पट्टीकडे वळू. ही पट्टी सरळ नाही आणि गणेशोत्सवातल्या बातम्यांमधला बराचसा घोळ तिथेच होतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ‘‘आमचा आवाज फक्त दहानं जास्त होता,’’ असं मंडळाचा कार्यकर्ता सांगतो, तेव्हा ऐकणाराही मनातल्या मनात अठरा-वीस टक्क्यांचा हिशेब करून गप्प बसतो. प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा दहापट झालेली असते.

निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात दाबाचा फरक असतो २० मायक्रोपास्कल. वातावरणाचा दाब त्याच्या सुमारे पाचशे कोटी पट आहे, यावरून कान काय चीज आहे ते कळावं. या २० मायक्रोपास्कललाच शून्य डेसिबल धरलं आहे. कानठळ्या बसवणाऱ्या १२० डेसिबलला दाब त्याच्या दहा लाख पट होतो आणि ऊर्जा दाबाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ती होते एक लाख कोटी पट. एवढी शून्यं रोज कोण लिहीत बसणार?

ही अडचण आधी आली टेलिफोनवाल्यांना. तारेतून जाताना आवाज किती क्षीण झाला, हे बेल कंपनीचे अभियंते ‘इतके मैल प्रमाणित केबल’ असं सांगत. १९२० च्या दशकात त्यांनी ते सोडून लॉगरिदमवर आधारलेलं एकक घेतलं, तेच पुढे डेसिबल झालं. तारेच्या प्रत्येक टप्प्यावर ऊर्जेचा काही हिस्सा गळतो, म्हणून एकूण गळती काढायला गुणाकारावर गुणाकार करावे लागतात. लॉग घेतला की नुसती बेरीज उरते. लॉगटेबलची पानं उलटून दहावी-बारावी काढलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

आता पथकात जाऊ. एका ढोलाचा आवाज तुमच्या कानाशी ९० डेसिबल आहे असं धरा. शेजारी तेवढाच दणदणीत दुसरा ढोल आला तर १८० होत नाहीत, ९३ होतात, कारण ऊर्जा दुप्पट म्हणजे तीन डेसिबलची भर. दहा ढोल झाले की १००, शंभर झाले की ११०. (सगळे ढोल तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, असं इथे धरलंय. मिरवणुकीत मागच्या रांगांचा वाटा कमी पडतो.) आणि कानाला काय वाटतं? हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३० च्या दशकापासून याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून आलेला ढोबळ नियम असा, की दहा डेसिबल वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे दहा ढोल एकाच्या दुप्पट आणि शंभर ढोल चौपट. दहाचे शंभर करताना पथकप्रमुखानं नव्वद माणसं उभी केली, त्यांच्या कमरेला ढोल बांधले, महिनाभर नदीकाठी तालीम घेतली. ऐकणाऱ्याच्या पदरात पडली एक दुप्पट.

पथकांनी यावर नाराज होऊ नये, शंभर ढोल एका ठेक्यात पडण्याची मजा डेसिबलमध्ये मोजायची नसतेच. खरी गोम पुढे आहे. आवाज कितीपट ‘वाटला’ याच्याशी अंतःकर्णातल्या केशपेशींना देणंघेणं नसतं. इजेचा हिशेब ऊर्जा आणि वेळ यांवर चालतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे, की ८५ डेसिबलला दिवसात आठ तास चालतील आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास उरतो, १०० ला पंधरा मिनिटं, ११० ला जेमतेम दीड मिनिट. कानाला नुसता दुप्पट वाटलेला आवाज सहन करण्याची मुदत एकदशांशावर आणतो. या केशपेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ढोलवादकांनी कानात बोळे घालण्यात कमीपणा मानू नये, एवढं मी आग्रहानं सांगेन.

डीजेच्या भिंतीचं प्रकरण आणखी वेगळं. हळू आवाजात आपल्याला खर्जातले सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आलेख काढून दाखवलं. म्हणून ध्वनिमापकात ‘ए’ भारांकन असतं. ते ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कापतं, ५० हर्ट्झला ३०. पण ही कपात ठरली मंद आवाजावरून. आवाज चढला की कान खर्जही जवळजवळ पुरता ऐकतो, यंत्र मात्र तीच वजाबाकी करत राहतं. ६३ हर्ट्झचा १०५ डेसिबलचा दणका ‘ए’ वर ७९ दिसतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादा याच भारांकनात आहेत, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीच्या काचा का थरथरल्या, याचा पत्ता त्या ७९ वरून लागत नाही. ‘सी’ भारांकनात हीच कपात एक डेसिबलही नसते आणि चांगल्या ध्वनिमापकावर ते एका बटणावर मिळतं. डीजेविरुद्ध तक्रार करणाऱ्यांनी ‘ए’ बरोबर तोही आकडा टिपून ठेवायला सांगावं. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, एवढ्या दणक्यात तो केव्हाच हात टेकतो.

पुढच्या आठवड्यात : मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात, मग अरुंद गल्लीत तेवढे का उतरत नाहीत?